खळ वाळेपर्यंत

यल्लव्वा कड्याच्या अर्ध्यावर तीन बोटांनी लटकली होती. तिच्या डाव्या पायाला अजिंक्य दुसरा लटकला होता आणि पाय सोडायला तयार नव्हता. तिच्या कमरेचा दोर खाली एका अरुंद कपारीपर्यंत गेला होता, आणि दोराच्या त्या टोकाला गाढव बांधलेलं होतं. गाढव चारी पाय जवळ घेऊन कपारीवर उभं होतं. यल्लव्वा पडली की तेही ओढलं जाणार. भीमप्पा राहिलाच नव्हता. पूल तुटला तेव्हा तो पुलाबरोबर गेला होता.

मी पिशवीत हात घातला आणि बटण काढलं. चौऱ्याऐंशी.

"अय्यो," नागराज म्हणाला.

साठ किंवा साठाच्या आतलं बटण हवं होतं. यल्लव्वा म्हणजे मी. चार वर्षं तिला मी कोल्ह्यांतून, भुतांतून आणि एका राजाच्या लग्नातून जिवंत बाहेर काढलं होतं. हे सगळं रविवारी दुपारी तीन वाजता, चामराजपेटेत, किट्टण्णांच्या बाइंडिंगच्या दुकानात, कागद कापायच्या टेबलावर चाललं होतं. कडा म्हणजे हिशेबाच्या जुन्या वह्यांची चवड. यल्लव्वा म्हणजे माझं अंगुस्तान. गाढव म्हणजे दोऱ्याचं रिकामं रीळ, त्याला रेक्झिनचे दोन कान चिकटवलेले.

मला अजून एक बटण काढायचा हक्क होता. त्याचं पुढं सांगते. आधी किट्टण्णा सांगते, नाहीतर चार मोठी माणसं एका रिळासाठी श्वास रोखून का बसली होती ते कळायचं नाही.

किट्टण्णांचं खरं नाव कृष्णोजीराव. त्या नावानं त्यांना फक्त लाइटबिल हाक मारायचं. अंगानं काडी, नाक मोठं, आणि दहाही बोटांवर वाळलेल्या खळीचे पापुद्रे. बोलताना ते पापुद्रे सोलत राहायचे. त्यांच्या दुकानाला लागून माझं शिलाईचं दुकान. मधे फळ्यांची भिंत, तीही फटींची. त्यामुळं वीस वर्षं ते काय बोलले ते मी ऐकलं आणि मी काय बोलले ते त्यांनी ऐकलं. दोघांचं काहीच लपलं नाही, म्हणून भांडण झालं नाही.

त्यांची एक सवय होती. जे पुस्तक बांधायला येईल ते वाचायचं. पण कधी वाचायचं? पाठीला खळ लावली की ती वाळेपर्यंत. खळ वाळली की पुस्तक दाबात, पुठ्ठा, रेक्झिन, गिऱ्हाइकाच्या हातात. त्यामुळं किट्टण्णांना जगातलं सगळं माहीत होतं, पण थोडं थोडं. कायदा माहीत होता, मधमाश्या माहीत होत्या, बाळंतपण माहीत होतं.

एकदा माझी नस आखडली. फळीच्या फटीतून ते म्हणाले, "तारक्का, पाय भिंतीला लावा. टाच वर. आता गुडघा हळूहळू..."

"हळूहळू काय?"

"ते माहीत नाही."

"का?"

"खळ वाळली."

मी भिंतीला पाय लावून तशीच बसलेली. ब्लाउज न्यायला आलेली बाई दारातूनच परत गेली.

नव्वद सालानंतर केव्हातरी त्यांच्याकडं एक जाडं इंग्रजी पुस्तक आलं. परदेशी जाऊन आलेल्या कुणीतरी बांधायला टाकलं आणि न्यायलाच आला नाही. ते पुस्तक किट्टण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण वाचलं. खळ वाळली, तडकली, तरी वाचलं. मग फळीवर ठोकून म्हणाले, "तारक्का, खेळ आहे. सोंगट्या नाहीत, पट नाही. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि जमेल तेवढं जगायचं."

"जिंकतं कोण?"

"कुणीच नाही."

"मग मरतं कोण?"

"ज्याचा आकडा चुकेल तो."

मी मशीन बंद केलं आणि पलीकडं गेले.

तिसरा नागराज. सिटी बसचा कंडक्टर, रिटायर झालेला. घरात कन्नड, पण आमच्या गल्लीत वाढल्यामुळं मराठी आमच्याहून मोठ्यानं बोलायचा. आणि कंडक्टरकी अंगातून गेली नव्हती. गुहेच्या तोंडाशी आम्ही घाबरून उभे असलो की हा ओरडायचा, "पुढं चला, पुढं चला, आत जागा आहे!" त्यामुळं आम्ही दोनदा राक्षसाच्या तोंडात गेलो. चौथा मिलिंद. पुण्याहून कॉम्प्युटरच्या नोकरीला आलेला, बनशंकरीला खोली घेऊन राहणारा. ऑफिसची जाडी मॅन्युअलं बांधायला आला, कपाटात ते पुस्तक पाहिलं आणि किंचाळला. त्यानं हॉस्टेलवर हा खेळ एकदा खेळला होता. एकदाच, पण बोलायचा असा की यानंच काढला असावा. सगळी गल्ली मला तारक्का म्हणते. हा एकटा काकू म्हणायचा.

खेळाला विचित्र फासे लागायचे. ते आमच्याकडं नव्हते. मी माझ्या डब्यातली शंभर बटणं दिली, किट्टण्णांनी त्यांवर एक ते शंभर आकडे लिहिले. चढायचं असो की लपायचं, तुमच्या कसबाचा एक आकडा असतो. त्याच्या आतलं बटण निघालं तर जमलं, वरचं निघालं तर गेलं. दोन महिने माझं प्रत्येक बटण आतलं निघालं. कारण साधं होतं. मोठे आकडे कोटाच्या बटणांवर पडले होते, लहान आकडे शर्टाच्या. चाळीस वर्षं बटणं लावणाऱ्या बाईच्या बोटांना हे कळणारच. पहिला महिना मी मुद्दाम करत नव्हते. दुसरा महिना मुद्दाम.

पुढच्या रविवारी किट्टण्णांनी आणलेल्या पिशवीत शंभर बटणं, सगळी एका मापाची, पांढरी, शर्टाची. वर म्हणाले, "तारक्का, आज कसं वाटतंय?"

"बोटं गार पडल्यासारखी."

"सरी, ठीक. काढा."

आता धंद्यांचं. पुस्तकात प्रत्येक माणसाला एक धंदा असतो: लढणारा, चोर, जादूगार, पुजारी, शिकारी. पण हवं तर एकाच माणसाला दोन धंदे घेता येतात. आम्ही तिघांनीही दोन घेतले. मिलिंद म्हणाला, नवशिक्यांनी एकच घ्यावा. किट्टण्णा म्हणाले, "मिलिंदराव, चामराजपेटेत एका धंद्यावर जगणारा माणूस दाखवा." खरं होतं. नागराज कंडक्टर असतानाही लग्नांत क्लॅरिनेट वाजवायचा. किट्टण्णा सणांत कागदी मखरं करायचे. मी शिवते आणि सोयरिकी जुळवते. तर नागराजचा भीमप्पा पुजारी आणि लढणारा, मिलिंदचा अजिंक्य जादूगार आणि चोर, माझी यल्लव्वा शिकारी आणि चोर.

दोन धंदे घेतले की भानगडी सुरू. एका धंद्याला जे वर्ज्य, ते त्या धंद्याचं काम करताना वर्ज्यच. चिलखत घालून चोरासारखं भिंत चढता येत नाही. भीमप्पानं रक्त काढलं की हात धुतल्याशिवाय मंत्र म्हणायचा नाही. हे सगळ्यांना पटलं. खरी भानगड वेगळीच. दोन्ही धंद्यांत एकच कसब असेल तर?

अजिंक्य एका पिंपामागं लपला होता, बाहेर सहा पहारेकरी. चोर म्हणून त्याचं लपणं पंचेचाळीस, जादूगार म्हणून पन्नास.

"म्हणजे पंच्याण्णव," मिलिंद म्हणाला. "ॲड होतात. मला आठवतंय."

किट्टण्णांनी पुस्तक उघडलं. चाळिसाव्या पानानंतर एकदम सत्तावन्नावं. मधला फर्मा, सोळा पानांचा, मुळातच नव्हता, आणि दोन धंद्यांचे सगळे नियम त्यातच होते.

"खळ वाळली?" मी विचारलं.

"खळ नाही तारक्का, पानंच नाहीत," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा चोरी झाल्यासारखा झाला.

मिलिंद पंच्याण्णव पंच्याण्णव करत होता. मला राग आला. मी पलीकडं जाऊन गिऱ्हाइकाचा नवा शर्ट आणला आणि टेबलावर पसरला.

"छाती चाळीस," मी म्हणाले. "पुढचे दोन पल्ले पट्ट्यांसकट वेगळे मोजा आणि मागचं त्यात मिळवा. साडेएकेचाळीस भरतंय. आता बटणं लावा. मोजा."

मिलिंदनं मोजलं. चाळीस.

"दीड इंच कुठं गेला?"

"खाली गेला. पट्टीखाली."

"तसंच. एकावर एक आलं की माप एकदाच धरायचं. वरची पट्टी दिसते, खालची झाकली जाते. तुझे पन्नास."

"काकू, टेक्निकली हा शर्ट आहे."

"आणि टेक्निकली तू पिंपामागं आहेस. बटण काढ."

त्र्याहत्तर निघालं.

मरणाऱ्याला किट्टण्णा एक श्वास द्यायचे. तो त्यांचा स्वतःचा रिवाज, पुस्तकातला नव्हे. एका श्वासात होईल ते शेवटचं काम करायचं, काय वाटेल ते, पण मरण टाळायचं नाही. अजिंक्यनं तो श्वास शर्टाला शिव्या देण्यात घालवला.

आठवडाभर फळीपलीकडून पुटपुटणं ऐकू येत होतं. किट्टण्णा स्वतःशी भांडत होते. रविवारी त्यांनी दुकानातला शर्ट मागितला, बटणपट्टी दोन्ही हातांनी ओढली आणि म्हणाले, "माप वाढत नाही, बरोबर. पण तारक्का, इथं फाटतही नाही. दोन पदर आहेत. म्हणून ज्याचं कसब दोन धंद्यांत आहे, त्याचं पहिलं बटण चुकलं तर त्याला दुसरं काढायला मिळेल. आकडा तोच. संधी दोन."

मी म्हणाले, "हे मला सुचायला हवं होतं."

मिलिंद उठून उभा राहिला. "म्हणजे हा नियम मागच्या रविवारी असता तर माझा अजिंक्य..."

"मागचा रविवार शिवून झाला," किट्टण्णा म्हणाले. "शिवलेलं उसवायचं नाही."

मिलिंदनं त्याच दुपारी अजिंक्य दुसरा तयार केला.

गोष्ट सांगणाऱ्याला स्वतःचं माणूस नसतं. तो सगळ्या जगाचा, पण त्याचं असं कुणी नाही. किट्टण्णांना हे जड जात असावं. कारण एका बाजारात आम्ही सामान वाहायला गाढव घेतलं आणि किट्टण्णा बदलले. गाढवाला ते स्वतःचा आवाज देऊ लागले. नुसतं ओरडणं नाही. पाऊस आला की एक ओरडणं, भूत दिसलं की वेगळं, नागराज "पुढं चला" म्हणाला की तिसरंच, त्यात नकार असायचा. एकदा ते भूत दिसल्याचं ओरडत होते, मान वर, डोळे पांढरे, आणि दारात शाळेच्या हेडमास्तरीणबाई हजेरीपटांचं काम घेऊन उभ्या. किट्टण्णांनी ओरडणं अर्धं सोडलं नाही. पूर्ण केलं, मग म्हणाले, "या मॅडम, स्वल्प खळीचा त्रास आहे घशाला." बाईंनी काम दिलं आणि शिवाय खडीसाखर पाठवली.

आमची माणसं मरायची, बदलायची. गाढवाला कधी ओरखडा आला नाही. किट्टण्णा त्याला वाचवायचे असं नव्हे, तसलं ते करत नसत. गाढवाचंही बटण काढायचे, डोळे मिटून, आणि आकडा बघायच्या आधी आमच्याकडं बघायचे. आतला निघाला की टेबलावर थाप. बाहेर बसस्टॉपपर्यंत ऐकू जायची. पन्नाशी उलटलेला माणूस, घरी लग्नाची मुलगी, आणि त्याचा जीव रिळात अडकलेला. मला हसू यायचं. पण माझंही अंगुस्तान होतंच, तेव्हा मी फार हसत नसे.

तर तो रविवार.

सकाळी मिलिंद एक जाड पाकीट घेऊन आला. अमेरिकेतल्या मावसभावानं गहाळ सोळा पानांची झेरॉक्स पाठवली होती. मिलिंदनं फोडलंही नव्हतं, किट्टण्णांसमोर फोडायचं म्हणून. किट्टण्णांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, हुंगलं आणि टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलं. "खेळ झाल्यावर."

मग पूल तुटला, भीमप्पा गेला, आणि पुढचं मी सांगितलंय. यल्लव्वाचं चढणं शिकारी म्हणून पंचावन्न, चोर म्हणून साठ. बटणपट्टीच्या नियमानं साठ. पहिलं बटण चौऱ्याऐंशी. राहिलं दुसरं.

"काकू, हळू," मिलिंद म्हणाला.

"हळू काढल्यानं आकडा बदलतो?"

"तरी."

मी काढलं. मुठीतच ठेवलं. नागराज म्हणाला, "पुढं चला आता, तारक्का." मी मूठ उघडली.

एकसष्ट.

सगळे एकदम बोलले.

"एकच! एक देऊन टाका अण्णा!"

"पाकीट फोडा! आत्ता फोडा! पंचावन्न अधिक साठ, एकशेपंधरा! पुस्तकात असणारच! काकू वाचतात, मी वाचतो, गाढव वाचतं!"

"गाढव तरी वाचवा की," नागराज म्हणाला. त्याचा भीमप्पा मेलेला, त्याला स्वतःचं काही नव्हतं, तरी त्याचा आवाज चिरकला.

किट्टण्णा रिळाकडं बघत होते. त्यांचा एक हात पाकिटावर होता. दुसऱ्या हातानं ते पापुद्रे सोलत होते, आता सोलायला पापुद्रा उरला नव्हता तरी. मला दिसत होतं की पाकीट फोडायची इच्छा मिलिंदपेक्षा त्यांना जास्त आहे. आतले नियम खरे होते, छापलेले होते, अमेरिकेचे होते. फोडलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं.

त्यांनी पाकिटावरचा हात काढला.

"पोस्टातून आलेला नियम पुढच्या रविवारपासून," ते म्हणाले. आवाज गाढवाचा नव्हता, त्यांचाही नव्हता. "एकसष्ट. यल्लव्वा पडली. तारक्का, एक श्वास. काय करताय?"

मिलिंदनं माझा दंड धरला. "काकू, मला झटकू नका हं. काकू, पाय हलवू नका."

"तुला झटकून काय मिळणार? मी पडतेच आहे."

"मग मला वर फेका!"

"एका श्वासात? तुझं वजन बघ."

मी विचार केला तो एवढाच. बटणपट्टी मी काढली. मिलिंद तिच्यावर तीन वर्षं भांडला, म्हणजे त्यालाही ती माहीत होती. गाढवानं नियम केला नव्हता आणि त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

"कमरेची सुरी काढते," मी म्हणाले, "आणि गाढवाचा दोर कापते."

किट्टण्णांनी माझ्याकडं बघितलं. मग अंगुस्तान उचललं, वह्यांच्या कड्यावरून खाली सोडलं. टेबलावर ते टणकन वाजलं. मागोमाग मिलिंदचं खोडरबर, त्याचा आवाज आला नाही. रीळ दुसऱ्या वहीवर उभं होतं, दोन्ही कान वर.

"आधी शर्ट, आता गाढव," मिलिंद म्हणाला. "माझ्या दोन्ही मरणांत काकू आहेत."

नागराज पहिला हसला. मग मी हसले, मग मिलिंद, आणि थांबता येईना. मिलिंद मखरांच्या कागदांवर आडवा पडून हसत होता. किट्टण्णा हसले नाहीत. उठले आणि कॉफी आणायला स्वतः गेले. इतक्या वर्षांत ते कधी स्वतः गेले नव्हते. परत आले ते पाच कॉफ्या आणि पाच बोंडे घेऊन.

"आपण चौघं आहोत," मी म्हणाले.

त्यांनी पाचवी कॉफी रिळासमोर ठेवली. ती निवल्यावर नागराज प्यायला.

पाकीट त्या दिवशी फुटलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. सोमवारी फळीच्या फटीतून मी पाहिलं, किट्टण्णा ते जाडं पुस्तक उसवत होते. चाळीस आणि सत्तावन्न पानांच्या मधे त्यांनी ते पाकीट तसंच, चिकटवलेलं, शिवून टाकलं. वर पाठीला खळ.

"शिवलेलं उसवायचं नाही ना?" मी विचारलं.

"पुस्तक उसवतोय तारक्का. रविवार नाही."

नंतर आम्ही नवीन माणसं केली. गाढव तेच. अजिंक्य चौथ्यापर्यंत पोचला. मग मिलिंदला परदेशी पाठवलं, नागराजचे गुडघे गेले, आणि किट्टण्णांच्या मुलीनं त्यांना बनशंकरीला आपल्या घरी बोलावलं. दुकान आवरलं. जाडं पुस्तक त्यांनी मला दिलं.

"मला इंग्रजी येत नाही," मी म्हणाले. "चौथी शिकलेली मी."

"म्हणूनच," ते म्हणाले.

त्या दुपारी बसस्टॉपवर ते उभे होते, हातात ट्रंक, बोटं पहिल्यांदाच स्वच्छ. मुलीनं घासून घेतली असावीत. शर्टाच्या खिशातून रेक्झिनचे दोन कान वर आले होते. बस आली, गर्दी चढली, तेही चढले. मला अचानक आठवलं की एक गोष्ट आम्ही कधी विचारलीच नव्हती. त्या कड्यानंतरच्या रविवारी गाढव आमच्या नव्या माणसांसोबत बाजारात उभं होतं, आणि आम्ही ते तसंच धरून चाललो होतो.

मी रस्त्यावरून ओरडले, "किट्टण्णा! ते कपारीवरून खाली कसं उतरलं?"

त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. अख्खी बस त्यांच्याकडं बघत होती. आधी त्यांनी मान वर करून, डोळे पांढरे करून, गाढवाचं ओरडणं काढलं. ते आम्ही आधी कधी ऐकलेलं नव्हतं. मग म्हणाले, "माहीत नाही, तारक्का! खळ वाळली!"

बस गेली. वर्षभरात तेही गेले.

पुस्तक माझ्याकडं आहे. एकदा कात्रीच्या टोकानं पाकिटाची कड उचलून आत बघितलं. सगळं इंग्रजी. कड परत चिकटवली, गव्हाच्या पिठाची खळ करून. वाळेपर्यंत धरून बसले.

त्या कड्यावर यल्लव्वा मेली, अजिंक्य दुसरा मेला, भीमप्पा पुलाबरोबर आधीच गेला होता. गाढव वाचलं.